दोरखंड, काठी आणि चोवीस तास

सातपुड्यातल्या एखाद्या पाड्यावरून रात्री मोलगीच्या पोलीस ठाण्यात फोन आला, असं समजू. बोलणारा घाईत आहे. पोरगा भडकलाय, हातात कुऱ्हाड आहे, तीन रात्री झोपलेला नाही, आईलाही ओळखत नाही, गाडी पाठवा. ठाणे अंमलदार स्टेशन डायरीत नोंद करतो. दोन शिपाई आणि एक होमगार्ड जीपमध्ये बसतात. पोरगा आजारी आहे, मोहाची पिऊन आहे, की तापात बरळतोय, यातलं काहीच त्यांना ठाऊक नसतं. घाटरस्त्यानं ते पोचतात तोवर गावकऱ्यांनी त्याला खांबाला बांधलेलं असतं, नाहीतर सगळे लांब उभे राहून पोलिसांचीच वाट बघत असतात.

पुढच्या दहा-पंधरा मिनिटांत शिपाई काय करतात, यावर बरंच ठरतं. काठी चालली तर पोरगा जखमी होईल. चौघांनी पालथा पाडून पाठीवर गुडघा दिला, तर जीवही जाऊ शकतो. गर्दी मागे हटवून एकानंच त्याच्याशी पावरीत सावकाश बोलायला सुरुवात केली, तर कदाचित तो कुऱ्हाड खाली ठेवील.

प्रसंग कल्पनेतला आहे. पण असा फोन आला तर काय करायचं, याचं उत्तर प्रत्येक ठाण्याकडे तयार असायला हवं. कायद्यानं ते नेमकं लिहून दिलेलं आहे.

कायदा काय सांगतो

मानसिक आरोग्यसेवा कायदा संसदेनं २०१७ मध्ये केला आणि २०१८ मध्ये तो लागू झाला. त्याचं कलम १०० पोलिसांच्या कर्तव्यांबद्दल आहे. ठाण्याच्या हद्दीत एखादी व्यक्ती भटकताना आढळली, तिला मानसिक आजार असावा आणि ती स्वतःची काळजी घेऊ शकत नाही असं मानायला कारण असेल, तर तिला संरक्षणात घेणं हे ठाणे प्रमुखाचं कर्तव्य आहे. आजारामुळे कोणी स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका ठरत असेल, तर त्यालाही हेच लागू होतं.

संरक्षणात का घेतलं, हे त्या व्यक्तीला सांगावं लागतं. तिला समजत नसेल तर तिच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला सांगावं लागतं. तिला शक्य तितक्या लवकर, आणि कोणत्याही परिस्थितीत चोवीस तासांच्या आत, जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत तपासणीसाठी न्यावं लागतं. पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात तिला ठेवता येत नाही. या शेवटच्या नियमाला कायद्यानं एकही अपवाद ठेवलेला नाही. रात्र झाली, गाडी नाही, डॉक्टर रजेवर आहेत, यातलं कोणतंही कारण कोठडीचं दार उघडायला पुरत नाही.

तपासणीत दाखल करण्याची गरज नाही असं आढळलं, तर डॉक्टरांनी तसं पोलिसांना कळवायचं आणि पोलिसांनी त्या माणसाला घरी पोचवायचं. घर नसेल तर बेघरांसाठीच्या सरकारी निवाऱ्यात न्यायचं. भटकणाऱ्या किंवा बेघर व्यक्तीच्या बाबतीत मिसिंगची नोंद करून तिच्या नातेवाइकांचा शोध घेणं, हीसुद्धा ठाण्याचीच जबाबदारी आहे.

इथवर यायला शंभरेक वर्षं लागली. १९१२ च्या इंग्रजी अमलातल्या कायद्यानुसार पोलीस भटकणाऱ्या ‘वेड्या’ला पकडत असत. १९८७ च्या कायद्यानं भाषा सौम्य केली, पण पकडलेल्या माणसाला चोवीस तासांत उभं करायचं ते दंडाधिकाऱ्यासमोर. गुन्हा नसताना केवळ आजारी म्हणून माणसं तुरुंगात खितपत पडत. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे हा प्रश्न घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेल्या. गुन्हेगार नसलेल्या मनोरुग्णांना तुरुंगात ठेवणं बेकायदा आणि घटनाबाह्य आहे, असं न्यायालयानं १९९३ मध्ये बजावलं. २०१७ च्या कायद्यानं त्या चोवीस तासांचा रोख न्यायालयाकडून दवाखान्याकडे वळवला. पोलिसांच्या गाडीनं पहिल्यांदा कुठे थांबायचं, हेच त्यामुळे बदललं.

अंतर आणि भाषा

१ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झालेला नंदुरबार हा सहा तालुक्यांचा जिल्हा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या सुमारे साडेसोळा लाख, त्यात दर शंभरात ६९ जण आदिवासी. अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतले कित्येक पाडे डोंगरकपारीत विखुरलेले आहेत. पक्का रस्ता नसलेल्या ठिकाणी आजारी माणसाला बांबूला बांधलेल्या झोळीतून खाली आणतात. सरदार सरोवराच्या पाण्यानं वेढलेल्या नर्मदाकाठच्या गावांसाठी तरंगता दवाखाना चालवावा लागतो. घरात पावरी, भिली किंवा मावची बोलली जाते, सपाटीच्या भागात अहिराणी आणि गुजरी. दूरच्या जिल्ह्यातून बदलून आलेल्या शिपायाला ‘काठी टाक’ हे त्या माणसाला समजेल असं सांगता येईलच, याची खात्री नसते.

राज्यातली जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, रत्नागिरी आणि नागपूरला आहेत. खानदेशात एकही नाही. मनोरुग्ण म्हणजे ठाण्याच्या मनोरुग्णालयात न्यायचा, अशी समजूत असली की पुढचा सगळा प्रवास डोंगराएवढा वाटतो. शेकडो किलोमीटरचा रस्ता, रात्रीची गाडी, सोबत दोन शिपाई, शिवाय आधी दंडाधिकाऱ्याचा आदेश लागेल ही जुनी सवय. अशा वेळी सकाळपर्यंत माणसाला कुठेतरी बसवून ठेवायचा मोह होतो आणि ती जागा बहुतेक वेळा कोठडीच्या आसपासचीच असते.

कायदा मात्र ठाण्याला न्या असं म्हणतच नाही. तो जवळची सरकारी आरोग्य संस्था म्हणतो. मोलगी भागात ती प्राथमिक आरोग्य केंद्र असू शकते, धडगाव किंवा अक्कलकुव्याचं ग्रामीण रुग्णालय असू शकते. तिथे मनोविकारतज्ज्ञ नसले तरी चालतं. कलम ९४ नुसार जिवाला किंवा इतरांना गंभीर इजा होण्याचा धोका असेल, तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर तातडीचे उपचार देऊ शकतो, प्रतिनिधी हजर असेल तर त्याच्या संमतीनं. हे उपचार दवाखान्यातही देता येतात आणि गावातही. त्यांची मुदत जास्तीत जास्त ७२ तासांची असते आणि पुढच्या तपासणीसाठी रुग्णाला मानसिक आरोग्य संस्थेत हलवणंही त्यातच येतं. तळोद्यावरून, तापीवरचा हातोडा पूल ओलांडून नंदुरबारच्या जिल्हा रुग्णालयात जायचं की आणखी पुढे, हा निर्णय डॉक्टरांनी घ्यायचा, ठाणे अंमलदारानं नव्हे.

डॉक्टरांनी आधी तपासणं आणखी एका कारणानं गरजेचं आहे. अचानक बरळू लागलेला प्रत्येक माणूस मनोरुग्ण नसतो. मेंदूपर्यंत गेलेला मलेरिया, रक्तातली साखर एकदम उतरणं, डोक्याला लागलेला मार, उष्माघात, रोजची दारू अचानक बंद झाल्यावर येणारा भ्रम, या सगळ्यांत माणूस असाच वागतो. त्याला कोठडीत बसवून सकाळची वाट पाहिली, तर सकाळपर्यंत तो जगेलच असं नाही.

डॉक्टर पुरेसे आहेत का, हा प्रश्न उरतोच. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेनं २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात महाराष्ट्र नव्हता, पण नंदुरबारला लागून असलेली गुजरात आणि मध्य प्रदेश ही दोन्ही राज्यं होती. मानसिक आजार असलेल्या १०० जणांपैकी ७० ते ९२ जणांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते. आजारानुसार हा आकडा बदलत होता. मध्य प्रदेशात लाख लोकांमागे ०.०५ मनोविकारतज्ज्ञ आढळले. म्हणजे वीस लाखांना एक. औषध वेळेवर मिळालं असतं तर त्या रात्री ठाण्यात फोनच आला नसता, असे कितीतरी रुग्ण या आकड्यांत आहेत.

पोलिसांच्या आधीची दोरी

बळाचा पहिला वापर पोलीस करतात असंही नाही. बहुतेक वेळा तो घरातच होऊन गेलेला असतो. कुटुंब घाबरतं, थकतं आणि दोरी आणतं. त्याआधी भगताकडे किंवा बडव्याकडे फेऱ्या झालेल्या असतात. ‘बाहेरचं’ काढण्यासाठी धूर, चटके, मार असे उपाय झालेले असतात. काही वेळा गावातल्या आजारपणाचं खापर एखाद्या बाईवर फुटतं. तिला डाकीण ठरवलं की तिचं घर, शेत आणि जीव सगळंच धोक्यात येतं. या प्रथेविरुद्ध महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते नंदुरबारच्या गावांत काम करत आले आहेत.

याच समितीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली आणि त्यानंतर राज्याचा जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला दोरीनं किंवा साखळीनं बांधणं, काठीनं किंवा चाबकानं मारणं, चटके देणं हे या कायद्यानं गुन्हे ठरवले. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आहे. त्याची अंमलबजावणी करणारा दक्षता अधिकारी हा पोलीस अधिकारीच असतो. म्हणजे पाड्यावर बांधलेला माणूस दिसला, तर त्याला सोडवून दवाखान्यात नेणं आणि मारहाण करणाऱ्यावर कारवाई करणं, ही दोन्ही कामं एकाच ठाण्याची आहेत.

बांधून ठेवण्याचा शेवट कुठवर जाऊ शकतो, हे देशानं तामिळनाडूतल्या एरवाडीत पाहिलं. तिथल्या दर्ग्याच्या परिसरातल्या एका खासगी आश्रयगृहाला ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली. रुग्ण साखळदंडांनी बांधलेले होते. २८ जण जळून मेले. २०१७ च्या कायद्यानं मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला कोणत्याही प्रकारे साखळीनं बांधायला सक्त मनाई केली, त्यामागे ही आठवण आहे.

भगताला शत्रू मानून मात्र काम होत नाही. शेजारच्या गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यातल्या उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्यात ‘दवा-दुआ’ नावाचा उपक्रम चालला. दर्ग्याच्या मुजावरांना आजाराची लक्षणं ओळखायला शिकवलं आणि त्यांनीच भाविकांना आवारातल्या मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवायला सुरुवात केली. दुआ चालू राहिली आणि गोळ्याही सुरू झाल्या. सातपुड्यात लोक आधी बडव्याकडेच जातात. त्यानं आशाताईला वेळेत निरोप दिला, तर रुग्ण आठ-दहा दिवस आधी डॉक्टरपुढे येऊ शकतो.

गर्दी आणि अनोळखी माणूस

१ जुलै २०१८, रविवार. नंदुरबारला लागून असलेल्या धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावी आठवडी बाजार भरला होता. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, अशा अफवा मोबाइलवरून पसरलेल्या. सोलापूर जिल्ह्यातून आलेले, भिक्षा मागून जगणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण जमावाच्या तावडीत सापडले. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून त्यांना ठार मारण्यात आलं. ते आजारी नव्हते, फक्त अनोळखी होते आणि वेगळे दिसत होते.

त्याच वर्षी फेब्रुवारीत केरळच्या अट्टप्पाडी भागात मानसिक आजार असलेल्या एका आदिवासी तरुणाला तांदूळ चोरल्याच्या संशयावरून जमावानं जंगलातून पकडून आणलं, बांधलं आणि मारलं. पोलिसांच्या हवाली केल्यावर गाडीतच त्याचा जीव गेला. २०२३ च्या एप्रिलमध्ये न्यायालयानं या प्रकरणी १४ जणांना दोषी ठरवलं. राईनपाड्यानंतर अवघ्या सोळा दिवसांनी, १७ जुलै २०१८ रोजी, सर्वोच्च न्यायालयानं झुंडबळींविरोधात देशभरासाठी आदेश दिले आणि प्रत्येक जिल्ह्यात जबाबदार अधिकारी नेमायला सांगितलं.

स्वतःशी बोलणारा, नाव-गाव न सांगणारा, केस वाढलेला माणूस अशा अफवांचा पहिला बळी ठरू शकतो. सुरत-भुसावळ मार्गावरच्या गाड्यांतून असा एखादा माणूस नंदुरबार, नवापूर किंवा दोंडाईच्याला उतरला, की त्याचं रक्षण करण्याची जबाबदारी पोलिसांवर येते. तिथे पोलिसांचं बळ लागतंच, पण ते गर्दीला रोखण्यासाठी.

बळ लागतं तेव्हा

पोलिसांनी कधीच बळ वापरू नये, असं कोणी जबाबदार माणूस म्हणणार नाही. २५ जानेवारी २०१२ च्या सकाळी पुण्याच्या स्वारगेट आगारातून संतोष माने या चालकानं एसटीची बस काढली आणि शहराच्या रस्त्यांवर बेफाम पळवली. नऊ जण मेले, ३७ जखमी झाले. पोलिसांनी गोळ्या झाडल्या तरी बस थांबली नाही. अखेर एका तरुणानं चालत्या बसमध्ये शिरून ती थांबवायला मदत केली. मानेला मानसिक आजार होता का, यावर न्यायालयांत वर्षानुवर्षं वाद झाला. त्याला फाशीची शिक्षा झाली आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती जन्मठेपेत बदलली. त्या सकाळी रस्त्यावर उभ्या असलेल्या शिपायाला या वादाशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला समोरची माणसं वाचवायची होती आणि त्यासाठी लागेल ते बळ वापरायला कायद्याची आडकाठी नाही.

पण बोलावणं येतं ते बहुतेक वेळा अशा प्रसंगासाठी नसतं. समोर घाबरलेला, गोंधळलेला एक माणूस असतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार अटक केलेल्या आरोपीलाही, तो पळून जाऊ नये एवढ्यापुरतंच जखडता येतं. प्रेमशंकर शुक्ला खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९८० मध्येच सरसकट बेड्या घालण्यावर कडक शब्दांत बोट ठेवलं होतं. संरक्षणात घेतलेला रुग्ण तर आरोपीसुद्धा नसतो. त्याच्या हातून आधीच कोणाला इजा झाली असेल तर गुन्ह्याची नोंद होईल, तपास होईल, कृत्य करताना त्याची मनःस्थिती कशी होती हे न्यायालय भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ नुसार पाहील. पण उपचार त्या निकालाची वाट बघत थांबवता येत नाहीत.

शरीराचाही विचार करावा लागतो. झटापट करणाऱ्या, दिवसेंदिवस न झोपलेल्या, न जेवलेल्या माणसाला नेहमीपेक्षा कितीतरी जास्त प्राणवायू लागतो. त्याला पालथं पाडून पाठीवर वजन टाकलं, की छाती फुगायला जागाच उरत नाही. तो सुटण्यासाठी जास्त धडपडतो, पोलिसांना वाटतं तो अजून प्रतिकार करतोय, आणि दाब वाढतो. मग तो एकदम शांत होतो. ही शांतता धोक्याची असते. म्हणून अशा माणसाला धरावंच लागलं, तर शक्य तितक्या लवकर कुशीवर वळवायचं, बसतं करायचं, पाठीवर किंवा मानेवर कोणी बसायचं नाही, आणि एकानं फक्त त्याच्या श्वासाकडे लक्ष ठेवायचं. याला कोणतंही महागडं साधन लागत नाही.

लंडनच्या बेथलेम रॉयल हॉस्पिटलमध्ये २०१० साली सेनी लुईस या २३ वर्षांच्या तरुणाला ११ पोलिसांनी धरून दाबलं. तो बेशुद्ध पडला आणि पुढे मरण पावला. तो स्वतःहून उपचारासाठी आला होता. त्याच्या आईवडिलांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि २०१८ मध्ये ब्रिटनमध्ये ‘सेनीचा कायदा’ आला. मनोरुग्णालयात बळ वापरलं, की त्याची नोंद ठेवणं आणि कर्मचाऱ्यांना त्याचं प्रशिक्षण देणं या कायद्यानं बंधनकारक केलं.

शिकवता येणारी गोष्ट

अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात १९८७ मध्ये हातात चाकू घेतलेल्या, स्वतःला इजा करणाऱ्या एका तरुणाच्या घरच्यांनी मदतीसाठी पोलिसांना बोलावलं. पोलिसांनी त्याच्यावर गोळ्या झाडल्या आणि तो मेला. शहर हादरलं. पुढच्याच वर्षी पोलीस, डॉक्टर आणि रुग्णांचे नातेवाईक एकत्र बसले आणि काही निवडक पोलिसांना ४० तासांचं खास प्रशिक्षण द्यायचं ठरलं. आजार कसा ओळखायचा, आवाज कसा ठेवायचा, अंतर किती ठेवायचं, दवाखान्यात कोणाकडे सोपवायचं, हे सगळं त्यात होतं. पोलीस घेऊन आलेल्या रुग्णाला तासन्‌तास न ताटकळवता लगेच दाखल करून घेणारा दवाखानाही आधीच ठरवून ठेवला. हा नमुना पुढे जगभर गेला. ओरेगन राज्यातल्या युजीन शहरात तर १९८९ पासून अशा फोनवर पोलिसांऐवजी एक परिचारक आणि एक समुपदेशक व्हॅन घेऊन जात. २०२५ मध्ये पैशाअभावी तिथलं हे काम थांबलं.

एवढं असूनही अमेरिकेचं चित्र समाधानाचं नाही. वॉशिंग्टन पोस्ट या वृत्तपत्रानं २०१५ पासून पोलिसांच्या गोळीनं झालेल्या प्रत्येक मृत्यूची नोंद ठेवली. त्यात साधारण पाचातल्या एकाला मानसिक आजाराची लक्षणं होती. प्रशिक्षण काही शहरांत झालं आणि कित्येक शहरांत झालंच नाही, सोबतीला डॉक्टर आणि खाटा उभ्या राहिल्या नाहीत, तर काय होतं ते या आकड्यात दिसतं.

आपल्याकडे पोलिसांना मानसिक आरोग्याबद्दल ठरावीक काळानं प्रशिक्षण द्यायचं, हे सरकारचं कर्तव्य २०१७ च्या कायद्याच्या कलम ३० मध्येच आहे. शिकवायचं तेही फार अवघड नाही. जीपचा सायरन आणि लाल-निळा दिवा पाड्याच्या अलीकडेच बंद करायचा. गर्दी मागे सारायची. एकानंच बोलायचं, बाकीच्यांनी गप्प राहायचं. नाव विचारायचं, स्वतःचं नाव सांगायचं, पाणी हवंय का, जेवलास का, असे साधे प्रश्न विचारायचे. त्याला ऐकू येणारे आवाज खरे नाहीत म्हणून वाद घालायचा नाही आणि खरे आहेत म्हणून होकारही द्यायचा नाही. हातात हत्यार असेल तर अंतर राखायचं, मध्ये बैलगाडी, भिंत किंवा झाड ठेवायचं आणि घाई करायची नाही. घरात त्याच्याशिवाय दुसरं कोणी नसेल आणि तो कोणाच्या अंगावर जात नसेल, तर एक तास थांबणं हे पोलिसांचं अपयश मानायचं कारण नाही.

पावरी किंवा भिली बोलणारा शिपाई किंवा होमगार्ड त्या जीपमध्ये असणं, ही नंदुरबारमध्ये चैन मानता येणार नाही. तो नसेल तर पोलीस पाटील, आशाताई किंवा शाळेतले गुरुजी यांना सोबत घ्यायचं. केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालू आहे. तिथले समुपदेशक मराठीत बोलतात आणि गरज पडल्यास तज्ज्ञाला जोडून देतात. आशाताईनं तो फोन हातात धरून घरच्यांच्या बोलीत उलगडून सांगितला, तर डोंगरातल्या घरापर्यंतही तज्ज्ञ पोचतो, मात्र तिथे मोबाइलला रेंज हवी. धडगाव-मोलगी भागात टॉवर उभा राहणं हा म्हणूनच आरोग्याचाही विषय आहे.

पोलिसांच्या बाजूनंही बघायला हवं. सलग बंदोबस्त, अपुरी माणसं, एकच गाडी, आणि कुऱ्हाडीचा घाव स्वतःवर पडण्याची खरी भीती. दवाखान्यात नेल्यावर ‘इथे मनोरुग्ण घेत नाहीत’ असं ऐकून परत फिरावं लागलं, तर तोच शिपाई पुढच्या वेळी न्यायला कां कूं करेल. तपासणीची व्यवस्था करणं ही कलम १०० नुसार आरोग्य संस्थेच्या प्रमुख वैद्यकीय अधिकाऱ्याची जबाबदारी आहे. रुग्णाला नाकारणं हा पर्याय त्यांना कायद्यानं दिलेला नाही.

स्वतःच्या जिवावर उठलेला माणूस

विष घेतलेला शेतकरी, विहिरीच्या काठावर बसलेली सून, पंधरा ऑगस्टला जिल्हाधिकारी कार्यालयासमोर अंगावर रॉकेल ओतून घेणारा अर्जदार, हेही पोलिसांच्याच वाट्याला येतात. पूर्वी वाचलेल्या माणसावर आत्महत्येच्या प्रयत्नाचा गुन्हा दाखल होई. २०१७ च्या कायद्याच्या कलम ११५ नं असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरायला सांगितलं आणि त्याची काळजी, उपचार, पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी ठरवली. नव्या न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाचं जुनं सरसकट कलम राहिलेलं नाही. सरकारी अधिकाऱ्यावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न मात्र कलम २२६ नुसार अजूनही गुन्हा आहे. त्यामुळे कार्यालयासमोर रॉकेलचा डबा हिसकावून घेणाऱ्या शिपायापुढे एकाच वेळी रुग्ण आणि आरोपी उभा असतो. त्याला आधी ठाण्यात न नेता जिल्हा रुग्णालयात नेलं, तर नंतरची कायदेशीर कारवाई काही बुडत नाही.

घरी परतणारी माणसं

उपचारानं काय होऊ शकतं, याचा मोठा पुरावा महाराष्ट्रातच आहे. डॉ. भरत वाटवानी आणि त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता यांनी मुंबईत एका तरुणाला नारळाच्या करवंटीनं गटारातलं पाणी पिताना पाहिलं. त्याच्यावर उपचार केल्यावर तो शिकलेला, चांगल्या घरातला मुलगा निघाला. १९८८ मध्ये त्यांनी श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन सुरू केलं, पुढे कर्जतजवळ केंद्र उभारलं. रस्त्यावरच्या रुग्णाला आणायचं, औषधं द्यायची, बोलता होईपर्यंत थांबायचं आणि मग त्याच्या गावी नेऊन सोडायचं, असं हे काम आहे. देशाच्या कानाकोपऱ्यांतली हजारो माणसं यातून घरी परतली. २०१८ मध्ये डॉ. वाटवानींना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. अहिल्यानगरजवळ शिंगवे नाईक इथे डॉ. राजेंद्र धामणे आणि डॉ. सुचेता धामणे यांचं माउली सेवा प्रतिष्ठान रस्त्यावर सापडलेल्या मनोरुग्ण स्त्रियांना आसरा देतं.

बोलू लागलेला रुग्ण बहुतेक वेळा आपलं गाव सांगतो. हा शोध पोलीस ठाण्यातल्या मिसिंगच्या नोंदींशी जोडला गेला, तर धडगावहून ऊसतोडीला गुजरातेत गेलेला आणि तिकडेच हरवलेला माणूसही सापडू शकतो. नंदुरबारच्या हद्दी दोन राज्यांना लागलेल्या आहेत. तापी, नर्मदा आणि बडवानी जिल्ह्यांच्या ठाण्यांशी अशा नोंदींची देवाणघेवाण नियमितपणे झाली पाहिजे.

जिल्ह्यानं काय करायचं

नंदुरबारला जिल्हा रुग्णालय आहे. २०२० मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आणि अशा महाविद्यालयात मनोविकार विभाग असणं नियमानं आवश्यक असतं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची चौकट १९९६ पासून देशात आहे. या सगळ्यांना एका धाग्यात ओवणारा कागद मात्र प्रत्येक ठाण्याच्या भिंतीवर लागला पाहिजे: या हद्दीतून रुग्णाला पहिल्यांदा कोणत्या दवाखान्यात न्यायचं, तिथला रात्रीचा फोन कोणता, पुढे पाठवायचं तर १०८ ची गाडी कुठून मागवायची, पावरी आणि भिली बोलणारं कोण उपलब्ध आहे, आणि मनोविकारतज्ज्ञाचा सल्ला फोनवर कोण देईल. रुग्णाच्या घरच्यांनीही ११२ वर किंवा ठाण्यात फोन करताना माणूस आजारी आहे, त्याचे उपचार कुठे चालू होते, औषध कधीपासून बंद आहे, हत्यार आहे की नाही, हे आधीच सांगितलं, तर जीपमध्ये बसणाऱ्यांची निम्मी भीती तिथेच कमी होते. आणि काठी विनाकारण चाललीच, तर घरच्यांना पोलीस अधीक्षकांकडे, मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे आणि राज्य मानवी हक्क आयोगाकडे दाद मागता येते.

जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक दर महिन्याला ज्या आढावा बैठका घेतात, त्यांत एक तक्ता आणखी मागवावा. महिन्याभरात कलम १०० खाली किती जणांना संरक्षणात घेतलं, प्रत्येकाला दवाखान्यात पोचायला किती तास लागले, कितींना बांधावं लागलं आणि का, कितींच्या अंगावर मारहाणीच्या खुणा डॉक्टरांनी नोंदवल्या, किती घरी परतले. बारा महिन्यांचे असे बारा तक्ते हाती आले, की कोणत्या ठाण्याला गाडी हवी, कोणत्या ग्रामीण रुग्णालयात इंजेक्शनचा साठा हवा आणि कोणत्या हद्दीत शिपायांना आधी प्रशिक्षण द्यायला हवं, हे नंदुरबारला स्वतःच्याच आकड्यांवरून ठरवता येईल.